तुम्ही विचारलंत म्हणून: मी दुकानाबाहेर टेबल मांडून का बसते

"हे तू कोणासाठी करतेस गं? पैसे मिळतात का?" टेक्सासमधल्या शुगरलँडमध्ये किराणा दुकानाबाहेर मी मतदार नोंदणीचं टेबल लावून बसले की ओळखीचं कुणीतरी हटकून विचारतंच. पैसे मिळत नाहीत. हे पक्षाचं कामही नाही. टेक्सासमध्ये नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत. काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, मला नोंदणीची परवानगी दिली आहे आणि घेतलेले अर्ज पाच दिवसांत पोचवायची जबाबदारी माझी आहे. ग्रीन कार्डवाल्यांना मी हात जोडून परत पाठवते, कारण चुकून भरलेला अर्ज पुढे त्यांच्या नागरिकत्वाच्या आड येऊ शकतो.

इतकं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण सासूबाईंचं मत आहे.

आईंनी पहिलं मत 1962 साली वाईला दिलं. 2009 मध्ये त्या इथल्या नागरिक झाल्या, तेव्हापासून इथेही निवडणूक चुकवलेली नाही. गुडघे गेल्यावर टपालाने मत देऊ लागल्या; 65 वर्षांवरच्यांना इथे ती सोय आहे, अर्ज मात्र दर वर्षी नव्याने करावा लागतो. 2021 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने सिनेट बिल 1 हा मतदानाचा कायदा मंजूर केला. तेव्हापासून अर्जावर आणि मतपत्रिकेच्या पाकिटावरही ओळख क्रमांक (स्टेट आयडी म्हणजे राज्याच्या ओळखपत्राचा नंबर, किंवा केंद्र सरकारच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे) लिहावा लागतो, आणि तो मतदार नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळावा लागतो.

फेब्रुवारी 2022 मधली गोष्ट. मार्चच्या प्राथमिक निवडणुकीची, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची, मतपत्रिका आली होती. आईंनी चष्मा पुसून प्रत्येक नाव वाचलं आणि शांतपणे खुणा केल्या. पाकिटावर नेहमीची देवनागरी सही केली, 'कु'चा उकार लांब ओढून. क्रमांकाचा रकाना पाकिटाच्या झाकणाखाली, बारीक अक्षरात. तो भरायला त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"अर्जावर मी सोशल सिक्युरिटीचे चार आकडे लिहिले होते, तेच लिही," त्या म्हणाल्या.

"आई, इथे आधी स्टेट आयडीचा नंबर मागितलाय. मला कळतं."

मी आयडीचा नंबर लिहिला. मदतनीस म्हणून माझं नाव लिहिलं, सही केली, डिंक लावून पाकीट बंद केलं.

मतदान होऊन गेल्यावर पत्र आलं: मत बाद, क्रमांक जुळत नाही. 2009 च्या नोंदणीत फक्त ते चार आकडे होते. आयडी त्यांनी नंतर काढला होता. दोन्ही क्रमांक लिहिले असते तर भागलं असतं. दुरुस्तीची मुदतही संपलेली. आईंनी पत्र दोनदा वाचलं. "सही तर माझीच होती ना?" एवढंच विचारलं. मी काय उत्तर देणार?

त्या निवडणुकीत टेक्सासभर टपालाने आलेल्या मतपत्रिकांपैकी सुमारे 12 टक्के, म्हणजे 24 हजारांहून जास्त, बाद झाल्या. हा आकडा मी पुष्कळ दिवस ढालीसारखा वापरला. कायदाच वाईट, माझा काय दोष? नवरा म्हणायचा, बँकही नंबर मागतेच की. मी चिडायचे. बँकेत नंबर चुकला तर काउंटरवरचा माणूस पुन्हा विचारतो. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत बाद होण्याचं प्रमाण तीन टक्क्यांखाली आलं. मग लोक शिकले म्हणायचं, की शिकण्यासाठी मार्चमधली मतं फुकट गेली म्हणायचं? मला अजून ठरवता येत नाही. पण चार आकडे लिहायला सांगणारी बाई माझ्यासमोरच बसली होती आणि मी ऐकलं नाही, हेही खरंच आहे.

त्याआधी मीच मंडळात सांगत फिरायचे की मत न देणारे आळशी असतात, एक फॉर्म भरायला काय लागतं? ते शब्द आठवले की आता अंगावर काटा येतो. टेबलावर कुणी म्हातारं माणूस आलं की मी पेन त्यांच्याच हातात देते. दोन्ही क्रमांक लिहा म्हणते, त्यांचं लिहून होईपर्यंत थांबते. मागे रांग लागली तरी.

या जानेवारीत आईंचा टपाली मतदानाचा अर्ज पुन्हा आला. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी नातवाला हाक मारली, शेजारी बसवलं आणि एकेक आकडा मोठ्याने उच्चारत स्वतः लिहिला. माझ्याकडे अर्ज आला तो पाकीट बंद झाल्यावर, तिकीट लावण्यापुरता.