चौदा हात आणि एक

आज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या मतदानाचा जुना व्हिडिओ बघत होते, ४ जून २०२५चा. गाझात तात्काळ युद्धबंदी, ओलिसांची सुटका, मदतीवरचे निर्बंध उठवा, असा ठराव. बाजूने चौदा हात वर गेले. मग विरोधात एकच, अमेरिकेचा. ठराव तिथेच संपला.

लेक शेजारी होती. म्हणाली, "आई, चौदा जण हो म्हणाले ना? मग?"

नकाराधिकार म्हणजे काय ते सांगितलं: पाच कायम सदस्य देशांपैकी एकानेही नाही म्हटलं की ठराव पडतो. तिला पटलं नाही. खरं तर पटण्यासारखं त्यात आहे तरी काय?

त्या चौदांत ब्रिटनही होता. पण याच ब्रिटनने सप्टेंबर २०२४मध्ये इस्रायलला शस्त्रं विकण्याच्या सुमारे ३५० परवान्यांपैकी फक्त ३० थांबवले, आणि एफ-३५ लढाऊ विमानांच्या जागतिक साठ्यात जाणारे सुटे भाग त्या बंदीतूनही वगळले. वर्षभराने पॅलेस्टाईनला मान्यता दिली. भारताने ती १९८८मध्येच दिली होती.

७ ऑक्टोबर २०२३ला हमासने घराघरांत घुसून माणसं मारली, ते अमानुषच होतं. माझ्या मनात त्याबद्दल किंतु नाही. पण त्याची शिक्षा पिठाच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला का? आणि हे थांबवण्याची ताकद असलेले देश अजून कशाची वाट बघत होते?