गेथशेमानेत येशू कोणाला प्रार्थना करत होता?

मी संडे स्कूलला शिकवते. मागे एकदा दहा वर्षांच्या एका मुलाने मध्येच हात वर केला. "टीचर, येशू देव आहे ना? मग गेथशेमानेत तो प्रार्थना कोणाला करत होता? स्वतःलाच?" (गेथशेमाने म्हणजे क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती बाग.) वर्गात हशा पिकला. "पुढच्या रविवारी सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली.

असे प्रश्न 'ईश्वरविज्ञानात', म्हणजे थिऑलॉजीत येतात, आणि या शब्दाचं मला पूर्वी दडपण यायचं. ग्रीकमध्ये थिऑस म्हणजे देव आणि लोगोस म्हणजे वचन, विचार. थोडक्यात, देवाविषयीचं विचारपूर्वक बोलणं. शब्द मुळात ख्रिस्ती नाहीच, प्लेटोच्या लिखाणातही तो सापडतो. अकराव्या शतकात अँसेल्म या ख्रिस्ती विचारवंताने 'समज शोधणारा विश्वास' असे शब्द वापरले, ते मला सगळ्यात पटतात. त्या मुलाचा विश्वासच नसता, तर त्याला हा प्रश्न कशाला पडला असता?

आठवडाभर मी पुस्तकं घेऊन बसले. ईश्वरविज्ञानाच्या बऱ्याच शाखा आहेत; सुरुवात अर्थात बायबलच्या ईश्वरविज्ञानापासून. इथे शिस्त एकच: शुभवर्तमान लिहिणारा मार्क काय म्हणतो ते आधी मार्ककडूनच ऐकायचं, नंतरचे सिद्धांत त्याच्या तोंडी घालायचे नाहीत. मार्कचा येशू घाबरलेला आहे, 'अब्बा' (बाबा) म्हणून हाक मारतो, प्याला, म्हणजे समोर आलेलं दुःख, दूर कर म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र बागेतली ही विनवणी नाहीच. हा फरक पुसायचा नाही, तसाच ठेवायचा.

खरी अडकले ती ऐतिहासिक शाखेत. 325 साली निकेयाच्या धर्मपरिषदेने सांगितलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेने सांगितलं, तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. ठीक. पण मग त्याच्या इच्छा किती, एक की दोन? सातव्या शतकात हा वाद इतका पेटला की सम्राटाने 648 मध्ये त्यावर बोलायलाच बंदी घातली. मॅक्सिमस नावाचा म्हातारा संन्यासी गप्प बसेना. त्याचा आधार हाच, गेथशेमाने! येशूच्या त्या प्रार्थनेतल्या 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' यातली 'माझी' इच्छा खरीखुरी माणसाची आहे, असं तो म्हणत राहिला. 662 मध्ये त्याची जीभ आणि उजवा हात कापला, हद्दपार केलं, आणि त्याच वर्षी तो वारला. पुढे 680-81 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ठरवलं की ख्रिस्ताच्या इच्छा दोन. म्हणजे मॅक्सिमसचंच म्हणणं. माझ्या वर्गातल्या पोराने हसत विचारलेल्या प्रश्नाच्या इतक्या जवळ जाऊन एका माणसाने जीभ गमावली होती.

पद्धतशीर ईश्वरविज्ञानाचा मला खरं तर कंटाळा आहे. त्रैक्य, ख्रिस्त, पवित्र आत्मा, तारण, मंडळी, अंत्यकाळ, सगळं आपापल्या कप्प्यात. पण एका कप्प्यातलं हललं की दुसऱ्यातलं पडतं, हे तिथेच कळतं. येशू बागेत नुसतं नाटक करत होता असं म्हटलं, तर मॅक्सिमसच्या हिशेबाने त्याने माणसाची इच्छा खरी घेतलीच नाही, आणि मग तिचं तारणही झालं नाही. (नैतिक आणि तत्त्वज्ञानात्मक शाखाही आहेत. त्या आठवड्यात मी त्यांच्या वाटेला गेले नाही.)

उरली व्यावहारिक शाखा: उपदेश, शिक्षण, दुःखितांचं सांत्वन. विद्वान मंडळी तिला जरा खालचीच समजतात असा माझा अनुभव. श्लायरमाखर या जर्मन ईश्वरविज्ञान्याने मात्र 1811 मध्ये तिला या सगळ्या अभ्यासाचा मुकुट म्हटलं होतं. रविवार जवळ आला तसं मलाही ते पटायला लागलं. दोन इच्छा दहा वर्षांच्या मुलाला कशा सांगायच्या, हे एकाही पुस्तकात नव्हतं.

शेवटी एवढंच सांगितलं, "तो आपल्या पित्याला प्रार्थना करत होता. आणि त्याला खरंच भीती वाटत होती. खोटी नाही."

पोरगा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "पण प्याला तर दूर झाला नाही. म्हणजे त्याची प्रार्थना ऐकलीच नाही?"

बायबलमधलं इब्रीकरांस पत्र, 5:7. तिथे म्हटलंय की ऐकली. मी पुन्हा पहिल्या शाखेत, बायबलपाशी, येऊन बसले आहे.