माझ्या वाटणीची शांती

सोलापुरात नळाला पाणी आलं की गल्लीत भांडण ठरलेलं. आज शेजारच्या काकांनी थेट नळाला मोटर लावली आणि आमच्याकडे धार करंगळीएवढी!

बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (12:18) येशूचा प्रेषित पौल सांगतो, सगळ्यांशी शांतीने राहा, पण तुमच्याकडून होईल तितकं. म्हणजे समोरच्याच्या वागण्याचा हिशोब माझ्याकडे नाही. वाचायला बरं वाटतं, पण ‘सुरुवात त्यांनी केली’ ही पळवाटही त्यातच बंद होते. आणि शांती म्हणजे मुकाट सोसणं, हे मला तरी पटत नाही.

म्हणून गेले. आवाज न चढवता म्हटलं, ‘‘काका, अर्धा तास मोटर बंद ठेवा की.’’ काका फणकारले, पण बटण दाबलं. पुढच्या पाण्याला परत लावतीलच. मीही परत जाईन.