टोल नाही, मग रस्त्याला पैसा कुठनं येतो?

मार्च महिना आला की अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात गाडी चालवणाऱ्यांची नजर खाली जाते. सिग्नल, पाट्या, समोरची गाडी हे सगळं नंतर, आधी रस्ता. गेल्या आठवड्यात नोव्हायजवळ पाण्यानं भरलेला एक खड्डा मला साधं डबकं वाटला. थड्! पुढचं डावं टायर गेलं, रिमला कोयरीएवढा पोचा आला. संबंधित कार्यालयाकडे भरपाई मागितली, तर खड्डा नवीन आहे, आम्हाला त्याची कल्पना नव्हती, असं उत्तर आलं. इथला कायदाच तसा आहे. खड्डा तीस दिवस पडून असेल तर तो सरकारला ठाऊक होता असं धरतात. माझा खड्डा चारपाच दिवसांचा, अजून बाळच होता म्हणा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर हे अण्णांना सांगितलं. अण्णा कोल्हापूरचे, टोलविरोधी मोर्चात चाललेले. आधी हसले, मग म्हणाले, "अरं, तुमच्याकडं टोल किती?"

"टोल नाही अण्णा. काही पूल न् एक बोगदा सोडला तर राज्यात टोल नाही."

"मग रस्त्याला पैसा कुठनं येतो?"

मला नीट सांगता येईना. गाडीच्या कारखान्यांच्या राज्यात, गाड्यांवरच पोट भरत आठ वर्षं राहतोय आणि हे माहीत नाही! मग वाचत बसलो.

आधी खड्ड्याचं. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं. गोठताना ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि डांबर उचलतं. दुपारी वितळलं की खाली पोकळी राहते. वरून एक ट्रक गेला की पापडासारखा चुरा. हिवाळ्यात हा खेळ कितीतरी वेळा होतो. मग केशरी जाकिटातले दोघे येतात, चालत्या ट्रकवरून फावड्यानं डांबर टाकतात, फावड्याच्या पाठीनं दोनदा थोपटतात आणि पुढे जातात. पुढच्या आठवड्यात तेच डांबर रस्त्याच्या कडेला खडी होऊन पडलेलं असतं. ठिगळाचं कापड जगात सगळीकडे एकाच दुकानातून येत असावं.

पैशाचा मुख्य झरा म्हणजे पेट्रोलवरचा कर आणि गाडीचं नोंदणी शुल्क. कर गॅलनमागे ठरलेला असतो, पेट्रोल महाग झालं म्हणून वाढत नाही. 1997 पासून तो 19 सेंटवर अडकला होता. मधल्या काळात डांबर महागलं, मजुरी वाढली आणि गाड्या कमी पेट्रोल प्यायला लागल्या. जमलेला पैसा 1951 च्या कायद्यानं वाटला जातो. ढोबळमानानं 39 टक्के राज्याला, तितकाच काउंट्यांना, म्हणजे इथल्या जिल्ह्यांना, उरलेला शहरांना आणि गावांना.

गंमत पुढे आहे. पेट्रोलवर 6 टक्के विक्रीकरही लागायचा, पण तो रस्त्याला जात नव्हता. बराचसा शाळांकडे आणि गावोगावच्या कारभाराकडे जायचा. म्हणजे पंपावर उभा असलेला माणूस समजतो मी रस्त्यासाठी कर देतोय, आणि त्यातला मोठा तुकडा वर्गाच्या फळ्यावर खर्च होतो. शाळेला पैसा मिळू नये असं कोण म्हणेल? पण मग तसं सांगावं ना.

मे 2015 मध्ये हे निस्तरायला राज्यानं थेट लोकांचं मत घेतलं. विक्रीकर 6 वरून 7 टक्के करायचा, पेट्रोल त्यातून वगळायचं आणि पेट्रोलकर वाढवायचा. पण त्याच गाठोड्यात शाळा, बससेवा, गरिबांची करसवलत असं बरंच काही बांधलं होतं. दर पाचांतल्या चौघांनी 'नाही' म्हटलं. खड्ड्यांना शिव्या घालणारेच सगळे! मला त्यात काही विसंगत वाटत नाही. एका पिशवीत दहा वस्तू घालून एकच किंमत सांगितली तर गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवणारच.

त्याच वर्षाच्या शेवटी विधिमंडळानं स्वतःच कायदा केला. 2017 पासून पेट्रोलकर 26.3 सेंट झाला, नोंदणी शुल्क 20 टक्क्यांनी वाढलं. पुरलं नाही. 2018 ला ग्रेचेन व्हिटमर 'ते मेले रस्ते आधी दुरुस्त करा' अशा अर्थाची घोषणा देऊन गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. घोषणा इथल्या मानानं तशी तिखटच. पुढच्या वर्षी त्यांनी पेट्रोलकरात थेट 45 सेंट वाढ मागितली. त्यांच्या घोषणेवर टाळ्या वाजवणारे आकडा ऐकून गप्प झाले आणि प्रस्ताव तिथंच मेला. मग 2020 मध्ये 3.5 अब्ज डॉलरचे रोखे काढले. मोठे हमरस्ते उकरून नव्यानं झाले, हे खरं. पण तो पैसा फक्त राज्याच्या रस्त्यांचा, माझं टायर खाणाऱ्या गल्लीबोळांचा नव्हे. शिवाय कर्ज ते कर्ज. रस्ता झिजेल तेव्हाही हप्ते चालूच असतील.

शेजारच्या इंडियानानं तर 2006 मध्ये आपला टोलरस्ता 75 वर्षांसाठी 3.8 अब्ज डॉलर घेऊन खासगी कंपनीकडे सोपवला. 2014 मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. हे ऐकून अण्णांचे डोळे चमकले.

मिशिगननं शेवटी या जानेवारीपासून, म्हणजे 2026 पासून, पेट्रोलवरचा विक्रीकर काढला आणि त्याच्या जागी पेट्रोलकर वाढवून 50 सेंटच्या वर नेला. पंपावरचा भाव जवळपास तोच राहिला, पण आता तो पैसा रस्त्याचा. जोडीला गांजाच्या घाऊक विक्रीवर 24 टक्के कर. होय, इथं तो दुकानात मिळतो. गांजा ओढणाऱ्यानं खड्डे बुजवायचे, हे तर्कशास्त्र मला अजून पचलेलं नाही.

रस्ता झिजवेल त्यानं पैसे द्यावेत, हे तत्त्व मला पटतं. पण झिजवतो कोण? इलिनॉयमध्ये 1950 च्या दशकाच्या शेवटी ट्रक पळवून पळवून याची चाचणी केली. आसावरचं (अ‍ॅक्सलवरचं) वजन दुप्पट झालं तर नुकसान साधारण सोळापट होतं, असं निघालं. मिशिगनमध्ये 11 आसांच्या ट्रकला 1,64,000 पौंड, म्हणजे 74 टन वजन चालतं. ट्रकवाले म्हणतात, भार इतक्या आसांवर वाटला की एकेका आसावर कमीच येतो. तेही खोटं नाही. तरी वजन आणि मैल यांच्या गुणाकारावर कर लावावा, असं माझं मत झालंय. पेट्रोल मोजून यापुढं भागणार नाही.

हे सगळं अण्णांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. कोल्हापुरात शहरातल्या शहरात टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढे होते, नाके पेटले आणि 2015 च्या अखेरीस टोल गेला. त्या लढ्यात अण्णांचं म्हणणं एवढंच होतं, की पैसे देऊ, पण आधी हिशेब दाखवा.

"ते सगळं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुझी गाडी विजेची न्हवं? पेट्रोलच भरत न्हाईस, मग तू काय देतोस?"

मी ओशाळलो. बॅटरीमुळे माझी गाडी जडही आहे. विजेच्या गाडीला नोंदणीत जादा शुल्क पडतं, 2017 ला ते 135 डॉलर होतं आणि पेट्रोलकराबरोबर वाढत जातं, हे मी घाईघाईनं सांगितलं.

"पावती हाय?"

"आहे."

"दाव."

मी खाली गॅरेजमध्ये जाऊन डॅशबोर्डच्या कप्प्यातून नोंदणीचा कागद आणला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. अण्णांनी चष्मा चढवला.