लग्नाच्या फोटोची काच

मंगळवार पेठेतलं मातीच्या भिंतींचं आणि सारवलेल्या जमिनीचं ते घर पाडून तिथं आता पार्किंग झालंय. काकांची 28 वर्षं त्या घरात गेली. तंबाखू नाही, विडी नाही, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. आमच्या अभ्यासाला हवा होता त्या घरातल्या रेडॉनचा अंदाज. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा हा किरणोत्सारी वायू जमिनीतून वर येतो, त्यामुळे काकूंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मोजणीवरून जुन्या घराचं काहीच कळत नाही. आणि निदानाच्या आधीची पाच ते तीस वर्षंच तर महत्त्वाची.

अशा वेळी आम्ही जुनी काच शोधतो. रेडॉनपासून तयार होणारे किरणोत्सारी अणू काचेवर बसतात, अल्फा कण सोडताना उलटा धक्का बसून आत रुततात. त्यातलं शिसे-210 निम्मं व्हायला सुमारे 22 वर्षं लागतात. त्याच्यापासून बनणाऱ्या पोलोनियम-210 चे अल्फा कण, काचेला चिकटवलेल्या सीआर-39 प्लॅस्टिकच्या तुकड्यावर खुणा सोडतात. तुकडा नंतर गरम सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की मायक्रोस्कोपखाली खड्डे मोजता येतात. क्रिस्टर सॅम्युएलसन यांनी 1988 साली 'नेचर'मध्ये ही पद्धत मांडली.

काकूंनी आधी अंबाबाईची तसबीर आणली, घरातली सगळ्यात जुनी. पण काचेवर कुंकू, आणि उदबत्तीच्या धुराचा पिवळट थर. अणू रुततात शंभर नॅनोमीटरच्या आतच. तो थर त्यांना काचेपर्यंत पोचूच देणार नाही. मग लग्नाचा फोटो निघाला.

"काच बदलली होती का कधी?"

"न्हाई ओ ताई. पुठ्ठा तेवढा वाळवीनं खाल्ला, त्यो बदलला. मधल्या खोलीत हुता, कपाटाच्या वर. दर दिवाळीला पुसायची मी."

उघड्या भिंतीवर, स्वच्छ, आणि वर्ष ठाऊक असलेली काच! हाताला येतच नाही अशी. फ्लॅटमध्ये आल्यावरचा रेडॉनही तिच्यात जमा झालेला असणार, म्हणून हॉलमध्ये वेगळा डिटेक्टर लावला. तेवढा भाग वजा करावा लागतो.

तुकडा चिकटवताना काकूंनी विचारलं, "म्हंजे घरानंच ह्यांना आजार दिला?"

एका माणसाबद्दल ते कुणालाच सांगता येत नाही, आणि तेच मी सांगितलं. पण मोजणी नेमकी का हवी, तेही सांगितलं: युरोपातल्या 13 अभ्यासांच्या 2005 च्या एकत्रित विश्लेषणात घनमीटरभर हवेत रेडॉन 100 बेकरेलनं (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक) वाढला की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका 8.4 टक्के वाढलेला दिसला. मोजणीतली अनिश्चितता हिशेबात धरल्यावर तीच वाढ 16 टक्के निघाली. अंदाज ढिला असला की खरा धोका झाकला जातो.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दिरांचा बी फोटो तवाचाच हाय. त्यांची खोली पुढची. फोन लावू?"

एकाच घराच्या दोन खोल्यांतल्या दोन काचा. लावाच म्हटलं.