जुळवलेले हात

आज सकाळी भाचीचा विसरलेला डबा द्यायला नाशिकच्या सातपूरमधील एका अनुदानित शाळेत गेलो, तेव्हा प्रार्थना सुरू होती आणि तिसऱ्या रांगेतील एक मुलगी हात खाली सोडून शांतपणे उभी होती. बाईंनी जवळ जाऊन, एक शब्दही न बोलता, तिचे दोन्ही तळवे धरून जुळवले. त्या पुढे सरकताच तिची बोटे हळूहळू सुटली; मनगटावर खडूची पांढरी रेघ उमटली होती.

ती रेघ दिवसभर डोळ्यांसमोरून हलली नाही.

मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतील अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहणाऱ्या, पण श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या केरळमधील तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये पुन्हा शाळेत घ्यायला लावले. प्रार्थनेच्या वेळी हात न जोडणाऱ्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला, आणि तो शिक्षक आपल्या नाशिकचाच होता.

बाई मायाळू आहेत, हे मी जाणतो. म्हणूनच अधिक वाईट वाटले. त्या मुलीच्या घरी कुणी कधी विचारले असेल का?