कांदा, नंबर एक

परवा दुपारी बाल्कनीत साठवणीचे कांदे निवडत बसलो होतो. मऊ पडलेले एकीकडे, मोड आलेले दुसरीकडे. कानात बिग स्टार या सत्तरीतल्या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम. शेवटचं ते मिनिटभराचं गाणं संपलं आणि मी हातात कांदा तसाच धरून बाजारभावांची वाट बघत बसलो.

मोबाइलवर बाजारभाव येत नाहीत.

नव्वदीच्या मध्यावर माझ्या मित्राच्या आतेभावानं अमेरिकेहून एक सीडी आणली होती. एकाच सीडीवर बिग स्टारचे दोन अल्बम. मित्रानं ते मला नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिले. कॅसेट त्याच्या वडिलांची, रेडिओवरून टेप केलेल्या भावगीतांची. पुसली जाऊ नये म्हणून काकांनी खाच मोडून ठेवलेली. यानं तिच्यावर सेलोटेप चिकटवला. पहिला अल्बम 37 मिनिटांचा, बाजू 45 ची. उरलेल्या आठ मिनिटांत जुनी आकाशवाणी तशीच राहिली. टेप करता करता काकांचा डोळा लागला असणार, कारण भावगीतं संपून थेट, "कांदा, नंबर एक, क्विंटलला किमान..."

अल्बमचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. मला वर्षभर वाटत होतं, हा त्याचाच भाग आहे.

बरं, गंमत अशी की बँडचं नावही किराणा दुकानाचंच. मेम्फिसमध्ये 'बिग स्टार' नावाची किराणा दुकानं होती. आर्डेंट स्टुडिओत रेकॉर्डिंग चालू असताना ही पोरं तिथं खायला काहीबाही आणायला जात. नाव ठेवलं 'मोठा तारा', पहिल्या अल्बमचं 'एक नंबर', आणि रेकॉर्ड दुकानात पोचलीच नाही! 1972 साल. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, पण वितरण होतं सोल संगीतवाल्या स्टॅक्स कंपनीकडे आणि तिथं सगळा सावळागोंधळ. परीक्षण वाचून माणूस दुकानात जायचा आणि हात हलवत परत यायचा. 1974 च्या दुसऱ्या अल्बमचं, 'रेडिओ सिटी'चंही तेच.

बँडचा गायक अॅलेक्स चिल्टन, त्यानं सोळाव्या वर्षी दुसऱ्या बँडमधून 'द लेटर' गाऊन अमेरिकेत पहिला नंबर पटकावला होता. पुढे त्यानं न्यू ऑर्लिन्समध्ये हॉटेलात भांडी घासली. त्याचा बँडमधला जोडीदार क्रिस बेल पहिल्या अल्बमनंतरच बाहेर पडला, घरच्या रेस्टॉरंटात काम करू लागला आणि 1978 च्या डिसेंबरात गाडीच्या अपघातात गेला. वय 27. पहिल्या अल्बममधलं 'थर्टीन' ऐकताना हे आठवू नये असं ठरवतो, पण आठवतंच.

आमचा, म्हणजे बिग स्टारच्या चाहत्यांचा, संप्रदाय छोटा. माळ नाही, टिळा नाही. त्यांच्या 'सप्टेंबर गर्ल्स' गाण्याचं नाव इंग्रजीत लिहिताना 'गर्ल्स'मध्ये 'आय'च्या जागी 'यू' घालतो तो आपला, एवढीच खूण. आर.ई.एम. हा बँड यातलाच, रिप्लेसमेंट्स नावाच्या बँडनं तर 1987 मध्ये चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं. माझी खोड अशी की हा बँड मी कुणाला ऐकवत नाही, आणि कुणाला आधीच ठाऊक असला तर मला राग येतो. बायको म्हणते, हे कंजूषपणाचंच लक्षण. असेल.

पण मुद्दा कांद्याचा. सुटसुटीत, स्वच्छ आवाजात ऐकलं की अल्बम मला अर्धवट वाटतो. ती गिटार, ते वर चढत जाणारे आवाज, मग खरखर, आणि मग निवेदकाचा तो अजिबात घाई नसलेला स्वर. लसणापर्यंत यायचा आणि कॅसेट खटकन थांबायची.

कांदे तसेच टाकून मित्राला फोन लावला. म्हटलं, आठवतं का रे, शेवटी बाजारभाव यायचे ते?

"बाजारभावाचं नाही आठवत," तो म्हणाला. "पण ती कॅसेट तू परत दिली नाहीस. बाबा बरेच दिवस शोधत होते."